माश्यांचा वळसा

१

त्या घराची मागची भिंत गुणगुणत होती, म्हणून मी थांबले.

१९५९ सालची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. मी पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि शिरूर-दौंड भागातल्या रानमाश्या ओळखून त्यांची नोंद करायचं काम आमच्या सरांनी माझ्याकडे दिलं होतं. मोहोळाच्या माश्या सगळ्यांनाच ठाऊक असतात. मला हव्या होत्या त्या एकट्या राहणाऱ्या, जमिनीत, भिंतीत, वाळक्या काटकीत आपापलं बीळ करणाऱ्या. त्यांना मराठीत धड नावंही नव्हती. लोक त्यांना माशी म्हणत, जरा मोठी दिसली तर भुंगा म्हणत, आणि पुढे जात.

शिरूरला सगळे घोडनदीच म्हणायचे. एस.टी.तून उतरून मी खांद्याला पिशवी आणि हातात जाळी घेऊन नदीच्या अंगाला निघाले होते. वस्ती संपते तिथं ते घर होतं. मागची खोली पांढऱ्या मातीची, आणि त्या मातीला चाळणीसारखी भोकं. प्रत्येक भोकापाशी एक माशी. अंगावर पिंगट लव, पोटावर निळ्या पट्ट्या. एवढी मोठी वसाहत मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

आतून एक बाई बाहेर आली. पन्नाशीची असेल. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू अडकलेले.

"काय शोधताय, ताई?"

"या माश्यांसाठी आले."

"मग घेऊन जावा," ती म्हणाली. "समद्या घेऊन जावा."

ती नूरबी. नवरा पिंजारी होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता तीच गाद्या भरायची, रजया टाचायची. मागची खोली तिनं कापूस ठेवायला दोन-तीन वर्षांपूर्वी बांधून घेतली होती, पण माश्यांची माती कापसात पडायला लागली म्हणून ती रिकामीच होती. तिन्हीसांजेपर्यंत स्टँडवर ठेवलेली माझी वळकटी त्या खोलीत येऊन पडली. एकट्या बाईला परगावी खोली मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. मला तर माश्यांसकट मिळाली.

रात्री चुलीपाशी नूरबीनं विचारलं, "ह्यांची राणी कुठली त्यातली?"

"यांच्यात राणी नसते. प्रत्येक मादी एकटी. तिनं बीळ करायचं, फुलांतले पराग आणि मध कालवून आत ठेवायचा, त्यावर अंडं घालायचं आणि मातीनं तोंड बुजवायचं. थंडी पडली की ती मरून जाते. पिलाचं तोंड तिला कधी दिसत नाही."

नूरबीचा हात परातीत थांबला. "आन् मग लेकरू वाढवतं कोण?"

"कोणी नाही. आपलं आपण वाढतं."

"असं कसं व्हईल?" ती पुन्हा पीठ मळायला लागली. "कुणीतरी असतंच की लेकरापाशी."

२

ते दिवस फार सुखाचे होते. हे मी आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की मी तिथं घाबरत दिवस काढले. तसं नव्हतं.

सकाळी मी नगर रस्त्याच्या कडेनं तरवडाच्या झुडपांतून हिंडायची. निळ्या पट्ट्यांची माशी तरवडाच्या पिवळ्या फुलाला बिलगते, अंग थरथरवते, आणि फूल तिच्या पोटावर परागाची चिमूट सोडतं. ते बघताना मला उन्हाचं भान राहायचं नाही. तुरीच्या शेतात पानं कातरणारी माशी सापडली. ओढ्याच्या काठावर जमिनीत बिळं करणारी एक हिरवट, चकचकीत माशी सापडली, ती कुठल्या जातीची हे मला सांगता येईना, आणि त्याचाच आनंद दोन दिवस पुरला. संध्याकाळी नर माश्या वाळल्या गवताच्या काडीला जबड्यानं धरून झोपायच्या, ते मी नूरबीला दाखवलं. ती पदर तोंडाला लावून हसली. "दातानं धरून झोपत्यात! पडत कशा न्हाईत?"

दुपारी ऊन चढलं की मी खोलीत येऊन बसायची. खोलीला समोर दार आणि वर एक झरोका. माश्या झरोक्यातून आत येत आणि पलीकडच्या भिंतीवर आपापल्या बिळात शिरत. त्यांचं येणं-जाणं बघत मी पकडलेल्या माश्यांना टाचण्या लावून काचेच्या टोपणांच्या पेट्यांत बसवायची, चिठ्ठ्या लिहायची. भिंतीतून पिठासारखी माती सारखी झिरपायची. डांबराच्या गोळ्यांचा वास, माश्यांची गुणगुण, पुढच्या खोलीतून नूरबीच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा ठण् ठण् आवाज. डुलकी लागायची.

अशाच एका दुपारी मला दिसलं की त्या भिंतीचा एक भाग कोरा आहे.

सगळी भिंत भोकांनी भरलेली, आणि खाली, जमिनीपासून कंबरेच्या जरा वरपर्यंत, मधोमध एक तुकडा साफ. एकही भोक नाही. खाली रुंद, वर निमुळता, आणि सगळ्यात वर वाटोळा. तिथं ओल असेल म्हणून मी हात लावून पाहिलं. कोरडी होती. नखानं खरवडलं. बाकीच्या भिंतीसारखीच भुसभुशीत.

मग माश्यांकडे लक्ष गेलं. झरोक्यातून येणारी प्रत्येक माशी भिंतीकडे सरळ यायची, आणि त्या तुकड्याच्या समोर आली की बाजूनं वळसा घालून जायची. भिंतीला लागून नव्हे. भिंतीपासून चांगली हातभर अलीकडेच ती वळायची.

मला गंमत वाटली. मी उठले आणि त्या कोऱ्या जागेला पाठ टेकून, गुडघे जवळ घेऊन बसले. माश्या माझ्या भोवतीनंही तसाच वळसा घालून जाऊ लागल्या. अगदी तसाच. फक्त जरासा वरून, कारण मी उंच होते.

मी तिथं फार वेळ बसले नाही.

३

कारण असणारच, असं मी स्वतःला सांगितलं. माशी उगीच वळत नाही. कोळ्याचं जाळं असतं, गरम हवेचा झोत असतो, एखादा वास असतो.

जाळं नव्हतं. मी हात फिरवून पाहिला, काठी फिरवून पाहिली. मग नूरबीकडून उदबत्ती मागून घेतली आणि त्या जागी जमिनीत खोचली. धूर सरळ वर गेला. मला हायसं वाटलं. मी बघत राहिले. कंबरेच्या उंचीला तो धूर मधूनच थोडा पुढं ढकलल्यासारखा व्हायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. ढकलला जायचा, सरळ व्हायचा. सावकाश, एका लयीत.

झरोक्याचा वारा. मी झरोक्याला पोतं लावलं. माश्या बाहेर अडकल्या आणि पोत्यावर आपटायला लागल्या. खोलीत शांतता झाली. धूर अजून ढकलला जात होता.

मी उदबत्ती विझवली, पोतं काढलं आणि नूरबीपाशी जाऊन बसले. ती गादी टाचत होती. "झाली का पूजा?" तिनं विचारलं.

त्याच सुमारास हौसराव आले. नदीपलीकडे त्यांची जमीन होती, सोसायटीत त्यांचा शब्द चालायचा, आणि नूरबीच्या नवऱ्याचे ते दोस्त होते. नूरबीच्या मुलीला, बानूला, सातवा सरून आठवा लागला होता. ती दौंडहून माहेरी बाळंतपणाला यायची होती, म्हणून दूधदुभत्याची चौकशी करायला ते आले होते. मला त्यांनी तुरीवरच्या माश्यांबद्दल खूप विचारलं.

"तुरीला त्यांचा फायदाच आहे, आबा," मी सांगितलं. "शेंग चांगली धरते."

"बघा! आन् आमी त्यांस्नी फडक्यानं हाकलतोय."

मी सहज विचारलं, "या खोलीची माती कुठली?"

"आमच्या शेताकडंच्या पांढरीची. टेकाड हाय तिथं जुनं. कुणाचं गाव व्हतं, कवा उठलं, कुणाला ठावं न्हाई. माती मात्र एक नंबर. गाडीच्या गाडी नेत्यात लोक. भिंतीला घाला, शेताला घाला." ते खोलीच्या दारात उभे राहून आत बघू लागले. माश्या झरोक्यातून येत होत्या, वळसा घालत होत्या. हौसरावांना त्यात काही वेगळं दिसलं नाही. "बानू यायच्या आत लिंपून टाका ही भोकं, नूरबी. बाळंतिणीची खोली अशी का ठेवायची?"

त्या खोलीत बाळंतपण होणार हे मला तेव्हा कळलं.

४

दोन-चार दिवसांनी माश्यांनी कोरी जागा उकरायला घेतली.

दुपारी येऊन बघते तर मधोमध ताजी भोकं पाडलेली, खाली मातीचे ढीग. माश्या सरळ येत होत्या आणि सरळ शिरत होत्या. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्यानं हसले. म्हणजे वासच होता कसला तरी. उडून गेला. मी तसं कागदावर लिहूनही ठेवलं आणि जेवायला बसले. नूरबीनं त्या दिवशी बोंबलाची चटणी केली होती.

जेवून आले, बाजेवर आडवी झाले आणि माश्यांकडे बघत राहिले. झरोक्यातून उन्हाची तिरीप आत पडली होती. माश्या तिच्यातून चमकत जात होत्या. झोप येत होती. त्या झोपेतच मला दिसलं की माश्या सरळ जात नाहीयेत. भिंतीपाशी नाही वळत, पण त्याआधी वळतायत. खोलीच्या मध्यावर. माझ्या बाजेच्या पायथ्याशी.

या वेळची जागा उंच होती. कुणी उभं असावं एवढी.

मी पाय जवळ घेतले. डोळे मिटले नाहीत, हललेही नाही. भीतीपेक्षा मला लाज जास्त वाटत होती. आपण शिकलेली बाई, वर्गात मुलांना पुरावा म्हणजे काय ते शिकवते, आणि माश्या कुठून वळतात यावरून अंगावर काटा आणून घेते. आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत मला कधी वाईट स्वप्न पडलं नाही, दचकून जाग आली नाही. पुण्यात मला झोप लागायची मारामार, इथं मी लहान मुलासारखी झोपायची.

तेच मला त्या दुपारी आठवलं. लहान मुलासारखी.

५

बानूला घेऊन तिचा नवरा सिद्दीक आला. दौंडला रेल्वेत फायरमन होता. हातांना कोळशाचा काळेपणा कायमचा बसलेला, बोलणं अगदी हळू. बायकोला उतरवून, सासूच्या हातात मिठाईचा पुडा देऊन तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. बानू एकोणीस-वीस वर्षांची, हसरी, पोटावर हात ठेवून सारखी काहीतरी गुणगुणणारी.

दुसऱ्या दिवशी नूरबी माती कालवायला बसली. मी तिच्याजवळ गेले.

"मावशी, बानूला पुढच्या खोलीत ठेवू या."

"पुढं गिऱ्हाईक येतं. कापूस उडतो. लेकराच्या नाकात जाईल."

"मागं माश्या आहेत."

"म्हणून तर लिंपत्ये. तुमीच म्हणला व्हता न्हवं, चावत न्हाईत म्हणून?"

मी म्हटलं होतं. मग मी तिला खरं ते सांगितलं. कोरी जागा, धूर, बाजेचा पायथा. सांगताना माझं मलाच ते इतकं पोकळ वाटलं की शेवटी शेवटी माझा आवाज उतरला. नूरबी ऐकत होती. तिचे हात मातीत होते. तिनं मला येडी ठरवलं नाही, की देवाचं नावही घेतलं नाही. ती म्हणाली, "ताई, दिवसभर उन्हात फिरता तुमी. डोक्याला काय बांधत न्हाई." आणि उठून माझ्यासाठी ताकाचा तांब्या घेऊन आली.

बानू दारात बसून हे सगळं ऐकत होती. "माश्या कुणाला तरी वाट देत्यात म्हणायचं," ती हसून म्हणाली. "मग देऊ द्या की. एकटीनं पडून ऱ्हाण्यापरीस सोबत बरी."

नूरबीनं हात पोचेल तिथपर्यंत भिंत लिंपली. वरचा भाग तसाच राहिला आणि माश्या वर गेल्या. मी माझी वळकटी आणि पेट्या पुढच्या खोलीत कापसाच्या ढिगाशेजारी आणून ठेवल्या. एक पेटी मात्र मागच्याच खोलीत कोनाड्यात राहिली.

६

मार्गशीर्षात एका सकाळी बानूला मुलगी झाली. साखरबाई सुईण होती. तिनं बाहेर येऊन "लक्ष्मी आली गं, नूरबी" असं म्हटलं आणि नूरबी हातातलं भांडं तसंच टाकून आत धावली. दोघी सुखरूप. हौसरावांच्या घरून तूप आलं. सिद्दीक आला, मुलीला बघून आपले काळे हात पुन्हा पुन्हा धोतराला पुसत राहिला. तिचं नाव खुर्शिद ठेवलं. मीसुद्धा तिला मांडीवर घेतलं. मला वाटलं, आपण फार मूर्ख होतो.

त्या आठवड्यात एक दिवस भर दुपारी मला कोनाड्यातल्या पेटीची गरज पडली. नूरबी नदीवर कपडे धुवायला गेली होती. मी चपला बाहेर काढून हळूच आत गेले.

बानू भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. भिंतीलगत आढ्याला झोळी बांधलेली, तिच्यात पोर. झोळी हलत होती. पोर चुळबुळ करत असेल, असं मी समजले. माश्या आता थोड्याच उरल्या होत्या, पण ज्या होत्या त्या वर जोरात उकरत होत्या. पांढरी माती धारेनं खाली पडत होती. झरोक्याची तिरीप नेमकी त्या धारेवर पडली होती आणि माती उजळली होती. मी पेटी उचलली आणि वळले.

माती जमिनीपर्यंत येत नव्हती.

झोळीच्या वर, हवेत, ती थांबत होती. आधी एक बारीक रेघ दिसली, भांगासारखी. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना उतरता पांढरेपणा. त्याच्या खाली एक खांदा, पुढं झुकलेला. पाठीचा थोडासा बाक. पिठानं काढल्यासारखं, आणि पिठाखाली काही नाही. मला त्यातून पलीकडची भिंत दिसत होती. जे होतं ते झोळीवर वाकलेलं होतं. झोळी ज्या लयीत हलत होती त्याच लयीत तो खांदा पुढं-मागं होत होता.

मग झोळी थांबली. भांगाची रेघ हळूच वर उचलली जाऊ लागली. जणू मान माझ्याकडे वळत होती.

मी पेटी टाकली. काचेचं टोपण फुटल्याचा आवाज झाला, आणि सगळी माती एकदम खाली सांडली. मी त्या सांडणाऱ्या मातीतून हात घातला, झोळीतून पोर उचललं आणि बाहेर पळाले.

नूरबी बादली घेऊन परत आली तेव्हा मी शेवग्याखाली उन्हात उभी होते. पोर माझ्या खांद्यावर. ते रडत नव्हतं. माझ्या खांद्यावरून मागं खोलीच्या दाराकडे बघत होतं, आठवड्याचं पोर बघतं तसं, कुठंच न बघता.

"काय झालं?"

मी तोंड उघडलं आणि निघालं ते एवढंच, "माती पडतेय तिच्या अंगावर. डोळ्यांत जाईल."

नूरबीनं पोराच्या कपाळावरची पांढरी धूळ पदरानं पुसली. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मला वाटतं, चेहऱ्यावरूनच तिला काहीतरी कळलं, कारण या वेळी तिनं ताक आणलं नाही. संध्याकाळच्या आत बानूची बाज पुढच्या खोलीत आली आणि कापसाचे ढीग मागे गेले. बानू थोडी कुरकुरली. "मागं चांगली झोपत व्हती पोरगी," ती म्हणाली. "रातीला रडायची, पर मी हात लावायच्या आत गप बसायची."

७

थंडी वाढली. वसाहतीतल्या माद्यांनी शेवटची बिळं बुजवली आणि एकेक करून त्या मरून पडल्या. मी रोज खाली पडलेल्या उचलायची. हलक्या, कागदासारख्या, पोटावरचा निळा रंग अजून तसाच.

शेवटच्या काही दिवसांत मी मुद्दाम त्या खोलीत बसले. दुपारी, दार उघडं ठेवून. उरलेल्या माश्या झरोक्यातून येत, कापसावरून सरळ उडत भिंतीला जात. इकडून तिकडून, मधून, खालून. कुठंही वळसा नाही. उदबत्तीचा धूर काठीसारखा सरळ. मी सगळी खोली पायांनी तुडवून पाहिली. ती खरंच रिकामी होती.

मला वाटलं, संपलं. जे काय असेल ते माश्यांबरोबर संपलं. मला एवढंच हवं होतं, आणि त्यापुढं मी विचार केला नाही.

बानू महिना झाल्यावर दौंडला गेली. निघताना पोर दुपट्यात गुंडाळलेलं होतं, आणि आम्ही सगळ्या बैलगाडीनं एस.टी.पर्यंत गेलो. वाटेत नूरबी सारखी डोळे पुसत होती आणि सारखी हसत होती. एस.टी. सुटल्यावर ती म्हणाली, "घर कसं मोकळं मोकळं झालं." मी हो म्हटलं. मीही थोड्याच दिवसांनी पुण्याला परतले. काम चांगलं झालं होतं. सर एरवी कुणाला शाबासकी देत नसत, पण त्या पेट्या उघडून बघताना ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. ओढ्याकाठची ती हिरवट माशी त्यांनाही ओळखता आली नाही.

८

१९६१ साली, उन्हाळा लागता लागता, मी दौंडला गेले. तिथं रेल्वेच्या आवारात रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर रचून ठेवलेले असत, आणि वाळलेल्या लाकडात भोकं पाडणारा मोठा काळा भुंगा मला तिथं मिळेल असं कुणीतरी सांगितलं होतं. मिळालाही. शंटिंगच्या आवाजात, कोळशाच्या धुरात, स्लीपरच्या टोकाशी लाकडाचा भुसा उडवत बसलेला. मनासारखं काम झालं आणि मी बानूचं घर विचारत निघाले.

विटांची चाळ, सिमेंटची जमीन, पुढं तारेच्या कुंपणाचं लहानसं अंगण. मातीची भिंत कुठंच नाही. बानू मला बघून इतकी खुश झाली की तिला काय करू नि काय नको असं झालं. ती थोडी भरली होती. सिद्दीकला बढती मिळाली होती, लवकरच तो ड्रायव्हर होणार होता. नूरबी पुढच्या महिन्यात राहायला यायची होती.

"जेवल्याबिगर सोडणार न्हाई," ती म्हणाली आणि आत जाऊन पीठ मळायला बसली. मी उंबऱ्यावर बसले.

"आणि खुर्शिद?"

"ती काय, अंगणात हाय. ध्यान द्यावं लागत न्हाई तिच्याकडं. एकटी खेळती, एकटी बडबडती. आजारी म्हणून पडली न्हाई एकदा. आन् चालायला कवा लागली ते कळलंच न्हाई बघा, ताई. कुणी भिंतीला धरून उभी ऱ्हाती, कुणी आईचं बोट धरती. हिनं माझं बोट कधी धरलं न्हाई. एक दिवस उठली आन् चालाया लागली."

मी अंगणात बघितलं.

कुंपणाच्या कडेनं खुर्शिद चालत येत होती. गुबगुबीत, डोळ्यांत काजळ, अंगात फुलांचं झबलं. पावलं अजून पक्की नव्हती, पण ती घाबरत नव्हती. तिचा एक हात खाली मोकळा होता. दुसरा हात वर, डोक्याच्याही वर उचललेला होता, आणि त्याची मूठ वळलेली होती. पूर्ण मिटलेली नव्हती. आत एक बोट मावेल एवढी पोकळी होती.

तिचं पाऊल अडखळलं. ती पुढं कलली, पडायला हवी होती, आणि पडली नाही. वरचा हात ताणला गेला, ती तिरकी झाली, सावरली आणि चालू लागली.

मी ओरडले असते. आत बानू पोळपाटावर लाटण्याच्या तालात गुणगुणत होती. ऊन चांगलं पडलं होतं. मी ओरडून काय सांगणार होते, आणि कुणाला? पोर हसत होतं. त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

मी उठून अंगणात गेले आणि तिच्यासमोर बसले. तिनं मला नीट न्याहाळलं. मग वर, उचललेल्या हाताच्या बाजूला, मान उंच करून बघितलं, विचारल्यासारखं. तिला काय उत्तर मिळालं मला माहीत नाही. तिनं मोकळा हात माझ्यापुढं केला.

मी बोट दिलं. तिनं ते घट्ट धरलं. मी उभी राहिले आणि आम्ही चालायला लागलो. कुंपणाच्या टोकापर्यंत गेलो, तिथून वळलो. तिच्या त्या उचललेल्या हाताच्या पलीकडे मी बघितलं नाही. मान तिकडे वळतच नव्हती. परत येताना अंगणाच्या मध्यावर तिनं एकदम खुदकन हसून दोन्ही पाय वर उचलले आणि झोका घेतला, दोन माणसांच्या मधून चालताना पोरं घेतात तसा.

माझ्या हाताला निम्माच भार लागला.

तिचे पाय जमिनीला टेकले. मी बोट सोडलं नाही. बानूनं आतून जेवायला हाक मारेपर्यंत आम्ही त्या अंगणात चालत राहिलो.